कोंबडीच्या तळव्याची गाठ आणि ७४० रुपयांचा उपचार-संच

गुहागर तालुक्यात, जांभ्याच्या कातळावर असलेल्या आमच्या परसात अकरा कोंबड्या आहेत: सहा गावठी, तीन वनराजा आणि दोन कडकनाथ. गेल्या श्रावणात त्यांतील एक वनराजा कोंबडी दाणे टाकल्यावरही पुढे येईना आणि उजवा पाय पोटाशी घेऊन उभी राहू लागली. पकडून तळवा पाहिला तेव्हा मधोमध हरभऱ्याएवढी काळी, कडक खपली होती आणि भोवतालचे कातडे ताणून चकाकत होते. आमच्याकडे याला सरसकट ‘कुरूप’ म्हणतात, इंग्रजीत बंबलफूट असे नाव आहे. बारीक जखमेतून जंतू, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा, तळव्याच्या गादीत शिरतो आणि आत पू धरतो. त्याच आठवड्यात मी कोंबड्यांच्या पायासाठी तयार मिळणारा एक उपचार-संच ऑनलाइन मागवला. तो दोन महिने, दोन कोंबड्यांवर वापरून झाल्यानंतर हे लिहीत आहे.

संचाची किंमत ७४० रुपये आणि पोचवण्याचा खर्च वेगळा. पुठ्ठ्याच्या नीटस पेटीत वनौषधींचा एक फवारा, एप्सम सॉल्टचे १०० ग्रॅमचे पाकीट, गॉजचे दहा चौकोन, स्वतःलाच चिकटणाऱ्या लवचिक पट्टीच्या २.५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन गुंडाळ्या, हातमोज्यांची एक जोडी, निर्जंतुक पाकिटातील एक सर्जिकल ब्लेड आणि इंग्रजी-हिंदीतील एक घडीपत्रिका, एवढा ऐवज निघाला. पेटीवर ‘तीन दिवसांत आराम’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. माझ्या पहिल्या कोंबडीला नीट दोन पायांवर चालायला एकोणीस दिवस लागले, आणि ती दोघींपैकी सोपी होती.

सर्वांत आधी चांगल्या वस्तूबद्दल, म्हणजे पट्टीबद्दल. ज्याने कोंबडीच्या पायाला साध्या सुती पट्टीने आणि चिकटपट्टीने ड्रेसिंग बांधायचा प्रयत्न केला आहे, त्याला ही पट्टी हातात आल्यावर सुटल्यासारखे वाटेल. ती पिसांना, खवल्यांना किंवा आपल्या बोटांना चिकटत नाही, फक्त स्वतःच्याच थराला धरते, त्यामुळे सोडवताना कातडे ओढले जात नाही. वीतभर लांबीचा तुकडा कापून घ्यावा, तळव्यावर गॉजची छोटी घडी ठेवावी, मग पट्टी प्रत्येक दोन बोटांच्या मधून आळीपाळीने वर आणून शेवटचे दोन वेढे नडगीला द्यावेत. वेढे देताना पट्टी ताणू नये, कारण ती नंतर हळूहळू आवळत जाते. अर्ध्या तासाने बोटे पाहावीत: गार लागली किंवा फुगली तर पट्टी सोडून पुन्हा सैल बांधावी. ओल्या परसातही ही पट्टी दीड दिवस जागची हलली नाही, आणि याच एका गुणासाठी मी ती पुन्हा घेईन.

तिचा एकच दोष, पण तो मोठा आहे. दोन्ही गुंडाळ्या भडक लाल रंगाच्या होत्या. कोंबड्या लाल रंगावर चोच मारतात हे पाळणाऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही, पण संच बांधणाऱ्याला ते कुणीतरी सांगायला हवे होते. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाकीच्या कोंबड्यांनी त्या बिचारीला खुराड्याच्या कोपऱ्यात धरून पट्टीचे धागे काढले. दुसऱ्या दिवसापासून मी पट्टीवर जुन्या काळ्या पायमोज्याचा तुकडा चढवला आणि तिला वेगळ्या डाल्याखाली ठेवले, तेव्हा तो छळ थांबला.

एप्सम सॉल्टबद्दल तक्रार नाही, प्रमाणाबद्दल आहे. दोन लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घातले तर १०० ग्रॅमचे पाकीट जेमतेम तीन वेळा पुरते, आणि खपली मऊ व्हायला रोज पंधरा मिनिटे याप्रमाणे आठवडाभर तरी पाय बुडवून ठेवावा लागतो. हे मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. बागायतदार ते कृषी सेवा केंद्रातून खत म्हणून किलोकिलोने आणतात, मात्र उघड्या जखमेसाठी औषधाच्या दुकानातील शुद्ध प्रतीचेच घ्यावे. कोंबडीला ते पाणी पिऊ देऊ नये, नाहीतर जुलाब होतात. घडीपत्रिकेत याचा उल्लेख नाही. पाय बुडवताना कोंबडीचे अंग पंच्यात गुंडाळून काखेत धरले आणि डोळ्यांवर पंच्याचे टोक ओढले, तर ती दोन मिनिटांत शांत होते. आमची तर चौथ्या दिवसापासून पाण्यात पाय सोडून डुलक्या काढू लागली होती.

फवाऱ्याविषयी मात्र चांगले लिहिण्यासारखे काही सापडले नाही. कडुनिंब, हळद आणि अल्कोहोल असे घटक लेबलवर आहेत. खपलीवरून ते ओघळून जाते, कारण तळव्याचे जाड कातडे भेदून आत जाण्याची शक्ती त्यात नाही, आणि खपली निघाल्यावर तेच अल्कोहोल उघड्या जखमेला झोंबते. मी तो चार दिवसांनी बंद केला आणि पोव्हिडोन आयोडीनवर आले: १० टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि स्वच्छ पाण्याचे नऊ भाग, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचे, धुण्यासाठी, आणि त्याचेच मलम गॉजखाली. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसते म्हणून अनेकांना ते गुणकारी वाटते, परंतु ते नव्याने भरून येणारे मांसही जाळते, तेव्हा रोजच्या ड्रेसिंगला ते नको.

आता ब्लेड. पक्ष्यांचा पू गाई-म्हशींच्या पुवासारखा वाहता नसतो. त्यांच्या पांढऱ्या पेशींत तो पातळ करणारी द्रव्ये पुरेशी नसल्यामुळे तो आतल्या आत घट्ट होत जातो आणि पिळून काढलेल्या चक्क्यासारखी, पुढे वाळलेल्या खव्यासारखी गाठ बनते. ही गाठ आत राहिली तर वरून कितीही मलम लावले तरी पाय बरा होत नाही, म्हणून ती काढावी लागते हे खरे आहे. घडीपत्रिका याच सत्याचा आधार घेऊन चार रेखाचित्रांत ‘गोल कापा आणि उपटा’ असे सांगते. तळव्याच्या गादीखाली बोटे मुडपणारे स्नायुबंध आणि रक्तवाहिन्या आहेत, भूल दिलेली नाही, आणि कापणारा माणूस स्वयंपाकघरातील ओट्यासमोर उभा आहे, याचा विचार त्या चित्रांत कुठेही दिसत नाही. मी पेटी घेऊन आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी सगळे उलटून पाहिले आणि एवढेच म्हणाले, “ताई, पट्टी वापरा. ब्लेड मला लागेल, तुम्हाला नको.”

पहिल्या कोंबडीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. सहाव्या दिवशी, भिजवून झाल्यावर मी गॉजने खपलीची कड हलकेच घासली, तेव्हा ती एका बाजूने सुटली आणि तिच्या पोटाला चिकटून तुरीच्या डाळीएवढी पिवळट, कोरडी गाठ सहज बाहेर आली. रक्ताचे दोन थेंब आले, खाली गुलाबी, स्वच्छ खळगा दिसला, आणि त्याच संध्याकाळी तिने पाय टेकला.

दुसरी कोंबडी कडकनाथ होती, आणि तिच्या बाबतीत चूक माझी आहे. कडकनाथचे पाय मुळातच काळे, त्यामुळे काळी खपली नजरेला पडत नाही. तळव्यावरून अंगठा फिरवून कठीणपणा चाचपावा लागतो. मी तो चाचपला नाही. ती लंगडू लागली तेव्हा सूज दोन बोटांपर्यंत पोचली होती आणि नडगी हाताला गरम लागत होती. अशा पायाला घरगुती उपचार पुरत नाहीत. डॉक्टरांनी जागा बधिर करून गाठ काढली आणि पाच दिवसांचे प्रतिजैविक दिले. औषध चालू असताना आणि नंतर त्यांनी सांगितले तितके दिवस तिची अंडी आम्ही खाल्ली नाहीत आणि शेजारीही दिली नाहीत. संचाच्या घडीपत्रिकेत ‘गरज भासल्यास प्रतिजैविक द्यावे’ असे एक मोघम वाक्य आहे. कोणते, किती, कुणाच्या सल्ल्याने आणि अंड्यांचे काय, याविषयी एक अक्षरही नाही, आणि अंडी खाणाऱ्या घरात ही उणीव क्षम्य नाही.

शेजारच्या काकांनी आपुलकीने गुडघ्याला लावायचे वेदनाशामक जेल आणून दिले होते. त्यावर डायक्लोफेनॅक लिहिले होते, म्हणून ते तसेच परत केले. या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आली. कोंबडी गिधाड नसली तरी पक्षीच आहे, आणि पायाला लावलेले ती चोचीने चाटूनपुसून घेते.

संचाचा खरा तोटा पेटीतील कोणत्याही वस्तूपेक्षा पत्रिकेत न लिहिलेल्या गोष्टींत आहे. पाय का बिघडला, हे त्यात कुठेच विचारलेले नाही. आमच्याकडे उत्तर समोरच होते. वनराजा अंगाने जड, खुराड्यातील दांडी कमरेएवढी उंच आणि खाली खरखरीत जांभा, त्यातही पावसाने भिजलेला. दररोज सकाळी ती धप्पकन उतरत होती आणि तळवा सोलत होता. आता दांडी गुडघ्याच्याही खाली आणली आहे, चिरलेल्या बांबूऐवजी मनगटाएवढा जाड, गोल घासलेला वासा बसवला आहे, आणि खाली चार बोटे भाताचा तूस पसरून तो ओला झाला की बदलते. याला संचाच्या निम्म्यानेही खर्च आला नाही.

ज्यांना जवळच्या औषधाच्या दुकानात पोव्हिडोन आयोडीन, गॉज, हातमोजे आणि मॅग्नेशियम सल्फेट मिळते, त्यांनी ते तिथून घ्यावे, तीनशे रुपयांच्या आत भागते. हातमोजे मात्र वगळू नयेत, कारण हे जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात. चिकटणारी पट्टी तेवढी ऑनलाइन मागवावी, आणि ती मातकट किंवा काळ्या रंगाची मागवावी. पाच ताऱ्यांपैकी मी दोन दिले आहेत आणि ते दोन्ही पट्टीचे आहेत. लाल रंग, ब्लेड आणि प्रतिजैविकाचे ते वाक्य याबद्दल मी विक्रेत्याला सविस्तर लिहिले होते. त्यावर तीन दिवसांनी पुढील खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले.