सिझेरियनच्या टाक्यातली गाठ: सुई, तुकडा की सरळ ऑपरेशन?

सिझेरियननंतर काही वर्षांनी काही जणींच्या व्रणात गाठ लागते. पाळीत ती दुखते, फुगते आणि नंतर निवते. ही बहुतेक वेळा एंडोमेट्रिओसिसची असते, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी जखमेत राहून वाढलेल्या असतात. तिचा कॅन्सर क्वचितच होतो, साधारण शंभरात एखादीचा किंवा त्याहूनही कमी. झालाच तर बहुधा क्लिअर सेल कार्सिनोमा या प्रकारचा, आणि तोही अनेकदा सिझेरियनला दहा-वीस वर्षं उलटल्यावर. म्हणून पाळी असो-नसो गाठ सतत दुखू लागली, भराभर वाढली, किंवा पाळी कायमची गेल्यावरही वाढतच राहिली, तर "टाक्याचंच आहे" म्हणून थांबू नका.

सोनोग्राफी स्वस्त आणि लगेच होणारी. हर्निया आहे की गाठ, हे ती सांगते. कॅन्सर आहे की नाही, हे तिच्यावर ठरवू नये. एमआरआय महाग, पण गाठ स्नायूत किती खोल गेली आहे ते दाखवतो. कॅन्सरचा संशय असेल तर तो बायोप्सीआधीच, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढण्याआधीच, करावा, कारण नंतर आत साचलेल्या रक्तामुळे चित्र गढूळ होतं. रक्तातली सीए-१२५ ही कॅन्सरचा अंदाज देणारी चाचणी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होता येत नाही.

खरा निर्णय पुढे आहे. एफएनएसीत बारीक सुईने फक्त सुट्या पेशी निघतात. त्यात एंडोमेट्रिओसिस दिसलं तरी शेजारच्याच भागात कॅन्सर असू शकतो. कोअर बायोप्सी जागा बधिर करून होते. तिच्यात ऊतीची सलग पट्टी मिळते, रचना दिसते आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीही (पेशींचा प्रकार ओळखणारी रंगचाचणी) करता येते. संशयास्पद गाठीसाठी मी हीच निवडेन. गाठ लहान असेल आणि लक्षणं नेमकी पाळीबरोबरच येत असतील, तर बायोप्सीशिवाय थेट काढणंही योग्य. मोठी, बदललेली गाठ मात्र घाईने काढू देऊ नका. आत कॅन्सर निघाला तर कडा अपुऱ्या राहतात, म्हणजे भोवतालचा निरोगी भाग पुरेसा काढलेला नसतो, आणि पोटाची भिंत पुन्हा, जास्त रुंद कापावी लागते. कधी मग जाळीही बसवावी लागते.

काढलेली गाठ पूर्णच पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२५ साली घातलेल्या निकषांनुसार, कॅन्सर एंडोमेट्रिओसिसमधूनच झाला असं म्हणायला त्याच्याशेजारी एंडोमेट्रिओसिस दिसावं लागतं, आणि अंडाशयातून किंवा गर्भाशयातून तो पसरलेला नाही ना, हेही पाहावं लागतं. तपासणीच्या फॉर्मवर सिझेरियनचं साल आणि गाठीची जागा लिहिलेली आहे का, ते स्वतः वाचून घ्या.