रेव्हिटमध्ये रूमला स्वतःची माहिती जोडणं : दीड वर्ष वापरून मग लिहितोय

आमचं ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, माणसं चार, कामं बहुतेक बंगले आणि छोटी अपार्टमेंट. रेव्हिट (इमारतीचं मॉडेल आणि प्लॅन करायचं सॉफ्टवेअर) घेतल्यावर पहिलं वर्षभर आम्ही ते थ्रीडी दाखवायलाच वापरलं. भिंती उभ्या करायच्या, दारं खिडक्या बसवायच्या, खोलीचं नाव नुसतं टेक्स्टनं लिहायचं आणि फरशी कुठली, डॅडो (भिंतीला खालून ठरावीक उंचीपर्यंत लावलेली टाइल) किती, फॉल्स सिलिंग आहे का नाही हे सगळं वेगळ्या एक्सेलमध्ये. मग कळंब्याच्या एका साईटवर घोळ झाला. प्लॅन बदलून मागचं बाथरूम आणि युटिलिटी यांची अदलाबदल झाली होती, एक्सेलमध्ये ती कुणी केलीच नाही, आणि फरशीवाल्यानं हातातल्या कागदाप्रमाणं बाथरूमला गुळगुळीत टाइल बसवली. घरात ऐंशीच्या पुढची आजी. सगळी टाइल उचलून अँटिस्किड घातली, खर्च आम्ही सोसला, पण ती आजी त्या टाइलवर चार दिवस चालली हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तेव्हाच ठरवलं की खोलीची माहिती खोलीतच राहिली पाहिजे.

रेव्हिटमध्ये रूम म्हणजे नुसतं नाव नाही, ती एक वेगळी वस्तूच असते. चारी बाजूंनी भिंती असल्या की त्या जागेत रूम ठेवायची, एरिया आणि परिमिती ती स्वतः मोजते, भिंत सरकवली की आकडे बदलतात. हॉल आणि डायनिंगच्या मध्ये भिंत नसेल तर रूम सेपरेटर नावाची रेघ मारून वेगळं करता येतं. नाव, नंबर, डिपार्टमेंट, फ्लोअर फिनिश, वॉल फिनिश, सिलिंग फिनिश असे रकाने आयते मिळतात. पण आपल्याकडच्या कामाला तेवढ्यानं भागत नाही. देवघराचं तोंड कुठं, ओट्याला ग्रॅनाइट का कडप्पा, डॅडो किती उंच, गिझरचा पॉइंट आहे का, याला रकाने, म्हणजे रेव्हिटच्या भाषेत पॅरामीटर, आपणच करायचे आणि मला या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. मॅनेज टॅबमध्ये प्रोजेक्ट पॅरामीटर्स उघडायचं, नवीन पॅरामीटर, नाव द्यायचं, प्रकार निवडायचा, रूम या कॅटेगरीवर टिक करायची. दोन मिनिटांत फाईलमधल्या प्रत्येक खोलीला तो रकाना येतो.

आता इथं एक गोष्ट अशी आहे जी आम्ही ज्या क्लासला गेलो तिथं कुणी सांगितलीच नाही. पॅरामीटर करताना ते विचारतं की प्रोजेक्ट पॅरामीटर पाहिजे का शेअर्ड. प्रोजेक्टवालं सोपं वाटतं म्हणून सगळे तेच घेतात. ते शेड्यूलमध्ये येतं पण टॅगमध्ये येत नाही, म्हणजे तक्त्यात दिसेल पण प्लॅनवर खोलीच्या नावाखाली 'अँटिस्किड 1 बाय 1' असं छापून येणार नाही. आणि साईटवर मिस्त्री तक्ता बघत नाही हो, तो प्लॅनच बघतो. त्यामुळं पहिल्या दिवसापासून शेअर्डच घ्या.

शेअर्ड पॅरामीटर एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये राहतात आणि प्रत्येकाला आतून एक लांबलचक ओळख क्रमांक असतो, रेव्हिट नावावर नाही तर त्या क्रमांकावर ओळखतं. आमच्याकडं दोघांनी आपापल्या मशीनवर 'डॅडो उंची' याच नावाचं पॅरामीटर वेगवेगळं केलं, फाईली एकत्र आल्यावर एकाच नावाचे दोन रकाने, एकात माहिती आणि दुसरा रिकामा, आणि टॅग नेमका रिकाम्याला जोडलेला. अर्धा दिवस गेला ते कळायला. आता एकच टेक्स्ट फाईल ऑफिसच्या सर्व्हरवर आहे, नवीन पॅरामीटर एकच जण करतो, बाकीच्यांनी त्याला सांगायचं.

प्रकार निवडतानाही डोकं शांत ठेवा, एकदा केलेल्या पॅरामीटरचा प्रकार नंतर बदलत नाही. आम्ही डॅडोची उंची आधी टेक्स्ट म्हणून केली आणि '7 फूट' असं लिहिलं. मग हिशोब करायला गेलो तर अक्षरांचा गुणाकार कसा होणार, सगळं काढून लेंथ प्रकारात परत भरलं. पॅरामीटर काढलं की त्यातल्या सगळ्या खोल्यांची माहिती पण जाते, हे लक्षात ठेवा, आधी शेड्यूल बाहेर काढून ठेवा.

पण लेंथमध्ये भरल्यावर जो फायदा झाला तो बघा. शेड्यूलमध्ये कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू म्हणून परिमिती गुणिले डॅडो उंची असा फॉर्म्युला टाकला. आतून 5 बाय 7 फुटांचं बाथरूम, परिमिती 24 फूट, डॅडो 7 फूट, आले 168 चौरस फूट. पण रेव्हिटची परिमिती दार वजा करत नाही, भिंत सलगच धरते. अडीच फुटाचं दार 7 फूट उंचीपर्यंत म्हणजे साडेसतरा चौरस फूट कमी करायचं, राहतात दीडशेच्या जरा वर. त्यासाठी 'दार वजावट' असा आणखी एक रकाना केला, तो हातानं भरतो. टाइल्सच्या दुकानात गेल्यावर आता अंदाजपंचे बोलावं लागत नाही, पेट्या किती लागणार ते तुटफूट धरून आधीच माहीत असतं.

अपार्टमेंटवाल्यांसाठी एक सांगतो. एकाच प्रकारचा फ्लॅट चार मजल्यांवर असला की आपण त्याचा ग्रुप करतो, म्हणजे एकदा काढून तोच प्रत्येक मजल्यावर ठेवतो. पॅरामीटर करताना 'ग्रुपप्रमाणं व्हॅल्यू वेगळी असू शकते' असा पर्याय आहे, तो निवडला नाही तर 302 वाल्यांनी बेडरूमला वुडन फिनिश टाइल मागितली म्हणून बदल केला की 202 आणि 402 मध्ये पण वुडन होऊन बसतं. पर्याय निवडला की प्रत्येक फ्लॅटची आवड वेगळी राहते.

आणि आता जे आपल्या कोल्हापूरचं आहे ते. नागाळा पार्कातल्या एका बंगल्याचं नूतनीकरण होतं, 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 च्या जुलैत तिथं पाणी शिरलेलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, ते आकडे पावसाळ्यात आपण रोज मोबाईलवर बघतोच, पण आपल्या घरातल्या कुठल्या खोलीत किती पाणी येतं हे घरातल्या माणसालाच माहीत असतं. त्या घरच्या काकूंनी भिंतीवरचा डाग दाखवला, मी टेप लावून प्रत्येक खोलीत फरशीपासून डागापर्यंतची उंची घेतली आणि 'पुराची खूण' नावाच्या पॅरामीटरमध्ये भरली. सोप्यात जास्त, मागच्या खोलीत कमी, कारण मागची फरशी दोन पायऱ्या वर. मग त्यावरून स्विचबोर्डची उंची, खालच्या कपाटाला प्लायऐवजी काय, कुठल्या दाराची चौकट दगडी करायची, हे प्रत्येक खोलीचं वेगळं ठरलं. पाणी येणाऱ्या आणि न येणाऱ्या खोल्यांसाठी आणखी एक टेक्स्ट पॅरामीटर करून कलर स्कीम लावली, निळ्या खोल्या आणि पांढऱ्या खोल्या. त्या एका प्रिंटवर काकूंनी बोट ठेवून सांगितलं, देवघर निळ्यात आहे बाळा, ते वर घे. घेतलं. एवढ्या वर्षांत क्लाएंटनं प्लॅन इतका स्वतःहून वाचलेला मी बघितला नव्हता.

एका बाबतीत मात्र सावध राहा. रूमच्या एरियाची बेरीज म्हणजे रेराचा (रिअल इस्टेट कायद्यातला) कार्पेट एरिया नव्हे. 2016 च्या कायद्याप्रमाणं कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरतात, बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी), बाल्कनी, ओपन टेरेस धरत नाहीत. रेव्हिटची रूम साधारणपणे भिंतीच्या फिनिशपर्यंतच मोजते, म्हणजे आतल्या भिंती सुटतात आणि बेरीज कमी येते. त्यासाठी वेगळा एरिया प्लॅन करून बाउंड्री स्वतः आखा, रूमच्या रकान्यातून कार्पेट काढून ग्राहकाला देऊ नका.

रूम प्लॅनमधून डिलीट केली तरी ती फाईलमध्ये राहते, शेड्यूलमध्ये 'नॉट प्लेस्ड' दिसते, माहितीसकट. चुकून उडाली तर परत तीच ठेवता येते, हे मला फार आवडलं.

माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्या कन्सल्टंटला द्यायची असेल तर आयएफसी, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा मॉडेलचा फाईल प्रकार. तिथं आपले रकाने नीट नावानिशी जावेत म्हणून एक टेक्स्ट फाईल लिहावी लागते, पहिल्या ओळीत प्रॉपर्टी सेटचं (रकान्यांच्या गटाचं) नाव, खाली एकेक प्रॉपर्टी. दोन शब्दांमध्ये टॅबच पाहिजे, स्पेस चालत नाही, आणि चुकलं तर माहिती जात नाही एवढंच कळतं. ते जमल्यावर आमच्या खोल्या दुसऱ्या बाजूला पुराच्या खुणेसकट उघडल्या.

रेव्हिटला पैसे घालायचे नसतील त्यांनी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर चालणारं बॉनसाय बघा, आधी त्याचं नाव ब्लेंडरबिम होतं. फुकट आहे आणि थेट आयएफसीतच काम करतं, खोलीला आपला प्रॉपर्टी सेट जोडता येतो, फक्त त्याच्या नावाची सुरुवात 'पीसेट अंडरस्कोर' (Pset_) अशी करू नका, ते स्टँडर्डसाठी राखीव आहे. शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो, आमच्यातला एकच जण तिथं रमला.

रेव्हिटच्या या सोयीला माझ्याकडून 5 पैकी 4. एक कमी केला तो शेड्यूल एक्सेलमध्ये सरळ जात नाही म्हणून, टेक्स्ट फाईल काढून मग एक्सेलमध्ये उघडावी लागते. उलट्या बाजूनं एक्सेलमधली माहिती रूममध्ये भरायला रेव्हिटसोबत येणारं डायनॅमो (अशी कामं आपोआप करून घ्यायचं साधन) चालतं, ते आमच्यातल्या एका पोरीनं शिकून घेतलंय आणि चाळीस खोल्यांची फरशी तिनं चहा यायच्या आत भरून दाखवली. आमची टेक्स्ट फाईल कुणाला पाहिजे असेल तर ऑफिसात येऊन घेऊन जा, त्यात तेवीस पॅरामीटर आहेत आणि देवघराचं तोंड पण आहे.