पुठ्ठ्याचा पिरॅमिड की ३६५ दिवसांचा हिशेब?

धाकटी जाऊ सहावीला शिकवते. परवा विचारत होती, "वहिनी, इजिप्तला दोनच तास मिळालेत. पिरॅमिड करून घेऊ की कॅलेंडर शिकवू?"

खर्च म्हणशील तर पिरॅमिडला पुठ्ठा, फेविकॉल आणि बहुधा आईबाबांची एक रात्र. कॅलेंडरला खडू पुरतो.

वेळ? पिरॅमिड दोन्ही तास खातो. इजिप्तचा राजा खुफू याचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता, हे कळतं. पण चिकटवाचिकटवीत अंदाजे २३ लाख दगड आणले कसे, हा खरा प्रश्न राहूनच जातो.

कॅलेंडर मात्र डोक्यात राहतं. प्राचीन इजिप्तचं वर्ष म्हणजे ३० दिवसांचे १२ महिने, वर ५ दिवस. सूर्याचं वर्ष त्याहून जवळपास पाव दिवसाने मोठं. मग ४० वर्षांत काय होईल? मुलं स्वतःच काढतात: १० दिवसांची घसरण! इ.स.पू. २३८ मध्ये दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचा हुकूम इजिप्तमध्ये निघाला, पण रुजला नाही. पुढे ज्यूलियस सीझरने रोममध्ये तशीच दुरुस्ती केली. तिथून धागा थेट आपल्या २९ फेब्रुवारीला येतो. (त्या तारखेला जन्मलेला कुणी वर्गात असला, तर त्याची खैर नाही.)

प्रदर्शनाला काही मांडायचं असेल, किंवा वर्ग हातांनी शिकणारा असेल, तर पिरॅमिड. इजिप्तचं आजही वापरात काय आहे हे दाखवायचं असेल, तर कॅलेंडर.