डिगॉक्सिनची पातळी मोजणारी सेवा: आमचा अनुभव

माझ्या वडिलांच्या हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी लहान आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत अडकली आणि ती शस्त्रक्रियेने काढावी लागली. त्यानंतर त्याच रुग्णालयाच्या औषध-पातळी तपासणी विभागाशी आमचा संबंध आला. अशक्त हृदय आणि अनियमित ठोके यांसाठी ते आधीपासून डिगॉक्सिन घेत होते, आणि या औषधाच्या उपयोगी व घातक पातळीत अंतर फार थोडे असते.

या विभागातील औषधतज्ज्ञ बाईंचे समजावणे ही सेवेची सर्वांत जमेची बाजू. आतड्याचा रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झाला की इजा आतड्यापुरती राहत नाही, असे त्यांनी सांगितले. दुखावलेल्या अस्तरातून जिवाणूंची विषे आणि दाह वाढवणारे पदार्थ आधी यकृतात व तिथून मूत्रपिंडापर्यंत जातात, आणि त्या अवयवांच्या पेशींवरील औषधवाहक प्रथिनांचे (औषध पेशीतून आत-बाहेर नेणाऱ्या प्रथिनांचे) प्रमाण बदलू शकते. उंदरांवरील प्रयोगांत पी-ग्लायकोप्रोटीन व एमआरपी-२ या अशा दोन प्रथिनांच्या बाबतीत असा बदल आढळला आहे, आणि डिगॉक्सिन शरीराबाहेर टाकण्यात पी-ग्लायकोप्रोटीनचा मोठा वाटा असतो. क्रिएटिनिन या रक्तातील टाकाऊ पदार्थावरून मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज येतो, या प्रथिनांच्या कामाचा येत नाही; म्हणून पातळी प्रत्यक्ष मोजलेली बरी. प्राण्यांमधले निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

नमुना घेण्याची व्यवस्था मात्र ढिसाळ आहे. गोळी दिल्यावर दोन तासांतच रक्त काढले गेले. वास्तविक औषध शरीरात नीट पसरायला किमान ६ तास जावे लागतात, त्याआधीचा आकडा फसवा असतो. अहवालावर ०.८ ते २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही जुनीच मर्यादा छापलेली होती, जरी अशक्त हृदयाच्या रुग्णांसाठी आता ०.५ ते ०.९ पुरेसे मानले जाते. वडिलांना मळमळ होत होती, जेवण नको वाटत होते. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसात ही लक्षणे औषधाची असतील, असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते.

दुसऱ्या, वेळेवर घेतलेल्या नमुन्यात पातळी १.६ निघाली. जुन्या मर्यादेनुसार ती ‘सामान्य’ होती; औषधतज्ज्ञ बाईंनी स्वतः फोन केल्यामुळेच डॉक्टरांनी गोळी दोन दिवस थांबवली. पहिल्या, वाया गेलेल्या तपासणीचे पैसे मात्र बिलातून वगळले गेले नाहीत.