पूर्ण टमी टक की मिनी : सूज आणि सावरण्याचा काळ

टमी टक म्हणजे पोटावरची सैल त्वचा आणि चरबी काढण्याची शस्त्रक्रिया. पूर्ण टमी टकमध्ये एका कुल्ह्यापासून दुसऱ्यापर्यंत छेद घेऊन बेंबी नव्या जागी बसवतात आणि बहुधा सैलावलेले स्नायूही शिवतात. मिनीमध्ये काम मुख्यतः बेंबीखालीच आटोपते. त्यामुळे बैठ्या कामावर परतायला पहिलीत साधारण 2 ते 3 आठवडे, तर दुसरीत 1 ते 2 आठवडे लागतात. सूज मात्र दोन्हींत चिवट असते, कारण छेदाने लसिकावाहिन्या (ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिका) तुटून द्रव व्रणाच्या वरच्या बाजूला साठतो आणि सकाळी सैल वाटलेली सलवारीची नाडी संध्याकाळी रुतू लागते. पूर्ण शस्त्रक्रियेनंतर ती पुरती ओसरायला 6 ते 12 महिनेही लागू शकतात. तरीही केवळ लवकर सावरण्यासाठी मिनी निवडणे मला पटत नाही, कारण बेंबीच्या वरच्या भागातली सैल त्वचा तिने जात नाही.