शेततळं की विहीर पुनर्भरण? ओढा हिशेबात धरून ठरवा

हाताशी थोडा पैसा आहे, तर शेततळं घ्यावं की विहिरीचं पुनर्भरण करावं, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी गाळून विहिरीत सोडावं? दुष्काळी पट्ट्यात हा प्रश्न नेहमीचा. ठरवताना आपण बागेला पाणी किती पुरेल ते पाहतो. ओढा किती दिवस वाहील हे सहसा पाहत नाही. मात्र आपल्या काळ्या पाषाणात पाणी धरणारा थर उथळ असतो: मुरूम आणि त्याखालचा भेगाळ खडक. विहिरीचे झरे त्याच थरातले, आणि पावसाळ्यानंतर ओढ्यात, पुढे नदीत पाझरणारं पाणीही त्यातलंच.

शेततळ्याचा भरवसा मोठा. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल तळ्यात 20 लाख लिटरहून जास्त पाणी मावतं. मे महिन्यात डाळिंबाची बाग त्यावर तगते. प्रश्न एवढाच, की तळं भरतं कशावर? ओघळीच्या पाण्यावर भरत असेल तर खुशाल घ्या. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेली कित्येक तळी विहिरीवर, बोअरवर मोटर लावून भरली जातात. जमिनीत झाकलेलं पाणी आपण उपसून उन्हात ठेवतो. दिवसाला 7 मिमी बाष्पीभवन धरलं तरी काठोकाठ तळ्यातून रोज 6 हजार लिटर उडून जातं. शेजाऱ्याची विहीर लवकर तळ गाठते, ओढाही.

पुनर्भरणाला खर्च कमी, निगा जास्त. शेतातलं वाहतं पाणी आधी खड्ड्यात निवळू द्यायचं, मग दगड, खडी, वाळूच्या गाळणीतून पाइपने विहिरीत सोडायचं. पावसाळ्याआधी गाळणी उपसून धुतली नाही, तर विहिरीत गाळ जातो. गोठ्याचं आणि नुकत्याच फवारलेल्या रानाचं पाणी कटाक्षाने बाहेर वळवा. खरी अडचण वेगळीच: मुरलेलं पाणी बांध ओळखत नाही. तुम्ही मुरवाल, शेजारचा खोल बोअर ओढून नेईल.

म्हणून हिवरे बाजारचं उदाहरण मोलाचं वाटतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे कमी पावसाचं गाव. तिथे पाणी अडवून मुरवलं, शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळीला नकार दिला. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात.

माझा कौल पुनर्भरणाला, पण गावाने उपशाचं बंधन पाळलं तरच. तसं होणार नसेल, तर ओघळीवर भरणारं लहान तळं घ्या. विहिरीवरून मात्र ते भरू नका.