डॉसइम्यू टू : स्लो नेटवर फॉक्सप्रो चालवायचं असेल तर हेच घ्या

ऑफिस वागळे इस्टेटला, गोडाऊन तुर्भ्याला, मधे मोबाईल डोंगलचं रडकं नेट आणि सगळा स्टॉक डॉसच्या फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस प्रोग्राममधे, असा कारभार ज्यांचा आहे त्यांच्यासाठी खास लिहितोय. डॉसइम्यू टू लावा, म्हणजे लिनक्सवर डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि बारीक लाईनवर याच्या तोडीचं मी तरी काही पाहिलं नाही.

आधी आम्ही रिमोट डेस्कटॉपवर होतो, म्हणजे ऑफिसच्या पीसीची स्क्रीन चित्रासारखी गोडाऊनला बघायची, चालायचं पण पत्र्याखाली रेंज गेली की स्क्रीन अर्धवट अडकायची, गोडाऊनचा पोरगा एन्टर दाबत बसायचा आणि रेंज आली की सगळे एन्टर एकदम लागून भलतीच एन्ट्री सेव्ह व्हायची. शिवाय ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालतच नाहीत. काही जण सांगतात व्हीपीएन (दोन जागांची नेटवर्क नेटवरून जोडणारी खासगी लाईन) घ्या आणि फोल्डर शेअर करा. अजिबात करू नका!! फॉक्सप्रो मग डीबीएफ म्हणजे डेटाच्या फाईली आणि इंडेक्स त्या लाईनवरून ओढत बसतं आणि लिहिताना मधेच लाईन तुटली तर इंडेक्सची वाट लागते.

अहो डॉसची टेक्स्ट स्क्रीन म्हणजे ८० कॉलम, २५ ओळी, २००० अक्षरं, रंगासकट ४००० बाइट. एवढ्यासाठी चित्रं कशाला पाठवायची? डॉसइम्यूला मायनस टी (-t) देऊन टर्मिनल मोडमधे, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर, चालू करा, एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) फक्त अक्षरं जातात येतात, प्रोग्राम आणि डेटा ठाण्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवरच राहतो. वर टीमक्स (tmux, लाईन तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) लावा, म्हणजे नेट गेलं तरी अर्धं भरलेलं चलन तसंच उघडं राहतं, परत लॉगिन करून अटॅच केलं की कर्सर होता तिथेच. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच बरं वाटलं, कारण चलन पुन्हा पहिल्यापासून भरायला लागलं की पोरं वैतागतात आणि ट्रकवाला दारात हॉर्न मारत असतो.

सेटिंगला थोडा वेळ द्या. पुटीमधे (PuTTY, विंडोजवरून एसएसएच करायचा प्रोग्राम) ट्रान्सलेशन यूटीएफ-८ ठेवा नाहीतर मेनूच्या चौकटींचा कचरा दिसतो. फंक्शन की चुकीच्या जात असतील तर पुटीच्याच कीबोर्ड सेटिंगमधे जाऊन लिनक्स किंवा एक्सटर्म आर सिक्स करून बघा, आमच्याकडे एफ १० ने सेव्ह होतं त्यामुळे हे जमल्याशिवाय काही उपयोगच नव्हता.

सर्व्हरच्या बाजूच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर प्रिंट येते, ती लिनक्सच्या प्रिंट क्यूमधून जाते. पण डॉसइम्यू प्रोग्राम गप्प झाल्यावर थोडं थांबून मगच कागद सोडतं. माणसाला वाटतं गेलंच नाही, तो परत दाबतो आणि दोन चलनं निघतात. प्रिंटर टाइमआउट कमी करून घ्या.

काही डॉस प्रोग्राम नुसते कीची वाट बघताना पण सीपीयू १०० टक्के खातात, पाच-सहा जण एकदम बसले की सर्व्हर तापतो, त्याला हॉगथ्रेशोल्ड म्हणून सेटिंग आहे ते नक्की बघा.

ग्राफिक्सवाल्या प्रोग्रामला मात्र टर्मिनल मोड चालणार नाही. आणि सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून मराठीत चालणारं जुनं पॅकेज असेल तर हा मार्ग सोडा, त्यातली देवनागरी ते कार्डच स्क्रीनवर काढायचं, ते एसएसएचमधून येणार नाही.